एक प्रेत जास्त: एलिस पीटर्सच्या कादंबऱ्या उसवून ऐतिहासिक रहस्यकथा कशी रचावी

ऑगस्ट ११३८. इंग्लंडचा राजा स्टीफन श्रूजबरीचा किल्ला जिंकतो आणि आतल्या शिबंदीला फासावर चढवतो. चौऱ्याण्णव माणसं. त्यांची प्रेतं धुऊन, नीट करून पुरायला नदीपलीकडच्या मठातला एक उतारवयाचा साधू येतो. तो प्रेतं मोजतो, तर पंचाण्णव भरतात. जास्तीचा माणूस फासावर गेलेलाच नाही, मागून बारीक दोरीनं गळा आवळून त्याला मारलंय.

एलिस पीटर्स यांची १९७९ ची ‘वन कॉर्प्स टू मेनी’ इथून सुरू होते. वेढा आणि फाशी इतिहासातलीच, त्या काळच्या बखरकारानंही जवळपास हाच आकडा दिलाय. बाईंनी त्यात एक मिळवला. मारेकऱ्याला प्रेत लपवायला इतकी चांगली जागा त्या एकाच आठवड्यात, त्या एकाच खंदकात होती.

ऐतिहासिक रहस्यकथा लिहायला बसणाऱ्यानं पहिली कसोटी इथून घ्यावी: आपल्या गोष्टीचा शक पन्नास वर्षं पुढे-मागे सरकवून पाहा. खून तसाच घडत असेल, तपास तसाच लागत असेल, तर तुमच्याकडे पगडी घातलेली आजची रहस्यकथा आहे. गुन्हा त्या सालाशिवाय घडूच नये, अशी बांधणी करायची. पुढची सगळी खटपट त्यासाठी.

बाईंविषयी, कामापुरतं

खरं नाव एडिथ मेरी पार्जेटर. जन्म २८ सप्टेंबर १९१३, इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातलं हॉर्सहे. मृत्यू १४ ऑक्टोबर १९९५, त्याच परगण्यातलं मॅडली. विद्यापीठाचं तोंड पाहिलं नाही. १९३३ ते १९४० डॉली गावात औषधाच्या दुकानात मदतनीस. युद्धात नौदलाच्या महिला शाखेत टेलिप्रिंटरवर, त्याबद्दल १९४४ मध्ये ब्रिटिश एम्पायर मेडल. युद्धानंतर चेक भाषा शिकून बोहुमिल ह्राबालसारख्या लेखकांचे अनुवाद केले. ‘एलिस’ हे त्यांच्या भावाचं नाव.

या टोपणनावानं आधी आधुनिक पोलिसकथा आल्या. त्यातल्या एकीला १९६३ मध्ये अमेरिकेचा एडगर पुरस्कार मिळाला, आणि ‘मोर्निंग राग’ (१९६९) व ‘डेथ टू द लँडलॉर्ड्स’ (१९७२) या दोन तर भारतातच घडतात. मठातल्या साधूची, ब्रदर कॅडफेलची, पहिली कादंबरी आली १९७७ मध्ये, बाई त्रेसष्ट वर्षांच्या असताना. (नाव वेल्श आहे. वेल्शमध्ये एकट्या ‘एफ’चा उच्चार ‘व्ह’ होतो, म्हणून ‘कॅडव्हेल’ म्हणणं जास्त जवळचं. आपल्याकडे रूढ ‘कॅडफेल’ आहे, तेच इथे.) १९९४ पर्यंत वीस कादंबऱ्या आणि तीन कथांचा एक संग्रह झाला. १९८० मध्ये ‘मंक्स हुड’ला ब्रिटिश रहस्यकथाकारांच्या संघटनेचा सिल्व्हर डॅगर, १९९३ मध्ये एकूण कामाबद्दल डायमंड डॅगर. पुढे त्याच संघटनेनं ऐतिहासिक रहस्यकथेसाठी वेगळा पुरस्कार सुरू केला, तोही १९९९ पासून काही वर्षं त्यांच्या नावानं दिला जात होता.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. औषधांच्या बरण्या हाताळलेली बाई वनौषधी जाणणारा साधू लिहिते. आणि जन्मभर एका परगण्यात राहिलेली बाई त्याच परगण्याच्या गल्ल्यांतून त्याला चालवते. ज्यातलं तुमच्या हाताला माहीत आहे, ते तुमच्या शोधकाच्या हाताला द्या. सूतगिरणी ठाऊक असेल तर साळी घ्या, शेतजमिनीचे दस्त ठाऊक असतील तर कुलकर्णी घ्या.

अभ्यासाला वीसही पुस्तकं लागत नाहीत. ‘वन कॉर्प्स टू मेनी’, ‘मंक्स हुड’ (१९८०), ‘सेंट पीटर्स फेअर’ (१९८१), ‘द सँक्च्युअरी स्पॅरो’ (१९८३) आणि ‘द रोझ रेंट’ (१९८६) ही पाच पुरेत. प्रत्येक दोनदा वाचायचं. एकदा मजेसाठी. दुसऱ्यांदा वही घेऊन, चार रकाने पाडून: तारीख, मठातली कोणती घंटा झाली, कोण कुठे होतं, हवा कशी होती. चौथा रकाना लोक भरत नाहीत. बाईंचे निम्मे पुरावे त्यातच असतात. मालिकेतली शेवटची कादंबरी मात्र शेवटीच वाचा, आधी वाचलीत तर बाकीच्यांतली गंमत जाते.

जागा: लहान, आणि वेशी असलेली

श्रूजबरीला सेव्हर्न नदीचा विळखा आहे. गाव जवळजवळ चहूबाजूंनी पाण्यात, जमिनीची मान उरते तिथे किल्ला. पूर्वेला एक पूल मठाकडे जाणारा, पश्चिमेला दुसरा वेल्सकडे. रात्री वेशी बंद. म्हणजे गाव हीच कुलूपबंद खोली झाली. रात्री कोण आत होतं नि कोण बाहेर, हे विचारायला पहारेकरी आहेत. मठ पुलाबाहेर असल्यानं साधूला दोन्हीकडे पाय ठेवता येतो. आणि थोडं पश्चिमेला गेलं की वेल्सची हद्द, तिथे भाषा वेगळी आणि कायदाही वेगळा.

आपल्या गोष्टीसाठी अशीच जागा शोधा. मराठी लेखकाला एक आयती आणि जवळपास कोरी जागा आहे: १७३९ ते १७७४ मधली माहीमची खाडी. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर साष्टी मराठ्यांकडे होती, मुंबई इंग्रजांकडे. खाडीच्या एका काठावर कंपनीचा कायदा, दुसऱ्या काठावर कमाविसदार, म्हणजे पेशव्यांचा वसुली अधिकारी. अलीकडे चोरी करून पलीकडे जाणारा माणूस नुसता पळत नाही, तो न्यायाधीश बदलतो. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि ही सोय संपली. म्हणून गोष्ट त्याआधी संपवायची.

जागा ठरली की नकाशा स्वतः काढा, हातानं, मोठ्या कागदावर. मुख्य ठिकाणं सात-आठच. प्रत्येक दोन ठिकाणांमधलं पायी अंतर वेळेत लिहा, मैलांत नको. होडीचं असेल तर भरतीचं वेगळं, ओहोटीचं वेगळं. पहिल्या खर्ड्यात सर्वांत जास्त चुका इथे सापडतात: संशयित दुपारी ठाण्यात असतो आणि तिन्हीसांजेला खाडीचा चिखल तुडवून मुंबईत उभा राहतो, धोतर कोरडं.

तारीख: इथे घाई केलीत तर पुढे सगळं उसवावं लागतं

कॅडफेलच्या काळात इंग्लंडात ज्युलियन पंचांग होतं. बाराव्या शतकात ते आजच्या पंचांगाच्या सात दिवस मागे होतं. ‘द रोझ रेंट’मधलं गुलाबाचं भाडं २२ जूनला द्यायचं असतं, म्हणजे आजच्या हिशेबानं २९ जून. फुलं, कापणी, नदीचं पाणी हे सगळं लिहिताना आजचा आठवडा धरायचा.

आपल्याकडे हा गुंता दुप्पट आहे, कारण एकाच दिवसाला चार-पाच तारखा असतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौष ते फाल्गुन या टप्प्यात १ जानेवारी ओलांडली की ७९. शुहूर सनात (मराठी कागदांवरचं अरबी साल) ५९९ किंवा ६००. फसलीत (महसुलाचं साल) ५९० किंवा ५९१. शुहूर सन मृगाला बदलतो, त्यामुळे साल जूनच्या आसपास उलटतं आणि कागदावरचं ‘हेच साल’ तुमच्या डोक्यातल्या सालाशी जुळत नाही.

त्यावर कडी म्हणजे इंग्रजांची पत्रं १७५२ पर्यंत जुन्या, ज्युलियन पंचांगाची, गोव्याच्या पोर्तुगीजांची नव्या, म्हणजे आजच्या पंचांगाची. शिवकालात दोघांत दहा दिवसांचं अंतर. सुरतेच्या वखारीतलं पत्र आणि गोव्यातलं पत्र एकाच दिवशी लिहिलेलं असलं तरी तारखा दहा दिवसांनी वेगळ्या दिसतील. गोष्टीतल्या हेरानं दोन्ही पत्रं पाहिली आणि एक खोटं ठरवलं, तर तो स्वतः फसलाय. ही चूक कथानक म्हणून सोनं आहे. तुमच्याकडून नकळत झाली तर मात्र लाज.

तारीख बरोबर आहे का, हे चंद्रावर तपासता येतं. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. तारीख देतात ६ जून १६७४. ती जुन्या पंचांगाची, नव्या पंचांगानं १६ जून. नव्या पंचांगाच्या तारखेला चंद्राचं वय काढलं तर बारा-साडेबारा दिवस भरतं, तिथी जुळते. हेच गणित नव्या पंचांगाची ६ जून धरून केलंत तर चंद्र अमावास्येजवळ येतो आणि मांडवात अंधार पडतो. खुनाच्या प्रत्येक रात्रीसाठी हा हिशेब करा.

रात्रीचं सोपं कोष्टक पाठ असू द्या. शुद्ध अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, आणि रोज साधारण दोन घटका उशीर. म्हणजे शुद्ध पंचमीच्या पहाटे कुणी ‘चांदण्यात चेहरा ओळखला’ म्हणाला, की वाचकाच्या आधी शोधकानं त्याला धरायचा. लिहिणारा तुम्ही असाल तर तुम्हाला वाचक धरतील.

फट

आता मुख्य काम. निवडलेल्या प्रसंगावर मिळेल ते वाचून तीन याद्या करा: नक्की झालं ते, ज्यावर वाद आहे ते, आणि ज्याबद्दल कागद गप्प आहे ते. गुन्हा तिसऱ्या यादीत ठेवायचा. पहिल्या यादीला हात लावायचा नाही. दुसरीत शिरलात तर गोष्ट बाजूला राहते आणि भांडण सुरू होतं.

पहिल्याच कॅडफेल कादंबरीत, ‘अ मॉर्बिड टेस्ट फॉर बोन्स’मध्ये, हे उघडं दिसतं. श्रूजबरीच्या मठानं बाराव्या शतकाच्या चौथ्या दशकात वेल्समधल्या ग्विथरिन गावातून संत विनिफ्रेडच्या अस्थी आणल्या, ही नोंद खरी. आणणारा प्रायर (मठाचा दुय्यम प्रमुख) रॉबर्ट खरा, त्यानं स्वतः वृत्तांत लिहून ठेवलाय. अस्थी थडग्यातून निघाल्या आणि मठात पोचल्या, यामध्ये गावात काय घडलं हे गप्प. कादंबरी त्या गप्प पट्ट्यात घडते, आणि शेवटी पेटी श्रूजबरीत पोचते, म्हणजे नोंद शाबूत राहते. शेवट असा हवा की इतिहासाच्या पुस्तकात एक ओळही बदलावी लागू नये.

मराठी लेखक हटकून ३० ऑगस्ट १७७३ कडे धाव घेतो. शनिवारवाडा, नारायणराव, गारदी. ‘ध’चा ‘मा’ शाळेतल्या पोराला माहीत आहे, रामशास्त्र्यांचा निकालही. उत्तर ठाऊक असलेलं कोडं घालू नये. पण त्याच दुपारी वाड्यात नारायणराव धरून अकरा माणसं मारली गेली, चाकर होते, दासी होत्या. चापाजी टिळेकराचं नाव राहिलं, इतरांची कुणी विचारपूस केली नाही. कुणी कुणाला आणि का मारलं, सगळं गारद्यांच्या नावावर जमा झालं. फट तिथे आहे. आता यादीत बारावं प्रेत घालावं असा मोह होईल. घालू नका, ती उघड नक्कल होईल. त्याऐवजी विचारा: अकरांपैकी एकाचा मारेकरी गारदी नव्हताच, तर?

हेतू त्या काळच्या कायद्यातून काढा

लोभ, मत्सर, बदनामीची भीती सगळ्या काळांत असते. तिला वेळेचं आणि कायद्याचं बंधन लागलं की गोष्ट त्या शतकाची होते. ‘द रोझ रेंट’मध्ये एका विधवेनं घर मठाला दिलंय, वर्षाला एक पांढरा गुलाब या भाड्यावर, तोही त्याच अंगणातल्या झाडाचा. भाडं चुकलं तर घर परत. कुणीतरी ते झाड तोडायला जातो. हेतू, मुदत आणि हत्यार, तिन्ही एका करारपत्रात. ‘द सँक्च्युअरी स्पॅरो’मध्ये जमावानं पाठलाग केलेला पोरगा चर्चच्या आश्रयाला येतो. आश्रय चाळीस दिवसांचा. शोधकाला चाळीस दिवस मिळाले, एकही जास्त नाही.

‘मंक्स हुड’चं रहस्य पुढच्या चार वाक्यांत थोडं फुटेल, पुस्तक वाचायचं असेल तर ती सोडून द्या. वारशाची जमीन हद्दीपलीकडे वेल्समध्ये आहे. इंग्लिश कायद्यात अनौरस मुलाला वाटा नाही. वेल्श कायद्यात बापानं मान्य केलेला मुलगा वारस. इंग्लिश डोळ्यांना ज्याच्याकडे हेतूच दिसत नाही, त्याच्याकडे सीमा ओलांडताच हेतू येतो.

आपल्याकडे याला काही तोटा नाही. वतन, मिरास, दत्तक, वृत्ती, देशमुखीचा मान. गोतसभेनं दिलेल्या महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, गावाची निशाणी असते, पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू. बनावट महजरात एक निशाणी चुकली की सगळा दावा कोसळतो, आणि ती निशाणी ओळखणारा गावात एकच म्हातारा उरला असेल तर त्याच्या जिवाला धोका. रवा-दिव्य घ्या. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा. आधी नखं काढून, हात धुऊन, पिशवी बांधून मोहर. दिव्यानंतर पुन्हा पिशवी, पुन्हा मोहर, आणि ठरल्या दिवशी उघडून फोड आलाय का पाहायचं. दोन मोहरांच्या मधले ते दिवस म्हणजे रहस्यकथाकाराला दिलेली कोरी सनद. मोहर कुणाच्या ताब्यात होती, एवढ्यावर पन्नास पानं निघतील.

शोधकाला परवाना कुणाचा

कॅडफेल मठात राहतो, म्हणजे खरं तर त्याला कुठे जाता येऊ नये. पण तो औषधं करतो, म्हणून आजारी घरात बोलावणं येतं. वेल्श बोलतो, म्हणून दुभाष्या म्हणून सीमेपलीकडे धाडतात. तरुणपणी धर्मयुद्धात लढलाय, अँटिऑकच्या वेढ्यात होता, समुद्रावर होता, म्हणून जखम कुठल्या हत्याराची ते कळतं. धरपकडीचा अधिकार त्याला नाही, तो ह्यू बेरिंगर या सरकारी माणसाकडे. हे चार दरवाजे पहिल्या दोन पुस्तकांतच बसवून घेतले, म्हणून पुढे अठरा वेळा चालले.

पेशवाईतला शोधक निवडताना हाच तक्ता भरा. वैद्याला माजघरापर्यंत वाट आहे, खलबतखान्यात नाही. सुईण बाळंतिणीच्या खोलीत जाते, पुरुष कारकून नाही. जासूद रात्री वेशीतून सुटतो. न्हाव्याला सगळ्यांच्या माना माहीत असतात. ज्याला दोन विरुद्ध जागी वाट आहे तो निवडा. एकाला जमत नसेल तर जोडी करा, पण एक अधिकारी हवाच, नाहीतर शेवटी गुन्हेगाराला धरणार कोण?

शोधकाला आजचं मन देऊ नका. कॅडफेल त्याच्या काळाच्या मानानं फार सहिष्णू वाटतो, ही त्याच्याविषयीची जुनी तक्रार आहे आणि ती निराधार नाही. पण बाईंनी त्याची किंमत भरलीय: तो पूर्वेकडे वर्षानुवर्षं मुसलमानांमध्ये राहिला, म्हणून तसा आहे. तुमचा १७६० मधला कारकून जातपात मानत नसेल, तर कुठे, कुणामुळे, कशाच्या मोबदल्यात, हे पहिल्या तीस पानांत आलं पाहिजे.

पुरावा, प्रयोगशाळेविना

काय नव्हतं याची यादी आधी भिंतीवर लावा. इंग्लंडात कोरोनरची जागा ११९४ मध्ये निर्माण झाली, कॅडफेलच्या वेळी ती नाही. पोटातल्या सोमलाची भरवशाची परीक्षा मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं १८३६ मध्ये दिली, त्याआधीचा वैद्य ‘सोमलच’ असं शपथेवर सांगू शकत नाही. बोटांच्या ठशांची पहिली कचेरी कलकत्त्यात १८९७ ची. भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू, मुंबईला पहिला पोलीस कमिशनर १८६४ मध्ये.

उरतं ते डोळा, नाक, हात. ‘मंक्स हुड’मधलं विष म्हणजे आपल्या बचनागाचं युरोपी भावंड. सांधे चोळायचं तेल म्हणून कॅडफेलनंच ते केलंय. विष त्याच्या ओळखीचं आहे ते तोंडाच्या बधिरतेवरून आणि वासावरून. हे विष तोंडाला आधी मुंग्या आणतं, मग हातपाय जड होतात, नाडी वेडीवाकडी धावते, आणि बऱ्याचदा शुद्ध शेवटपर्यंत राहते. म्हणजे मरणारा बोलू शकतो. विष निवडताना मारण्याची ताकद पाहू नका, लक्षणांचा क्रम पाहा. कथानक त्या क्रमावर उभं राहतं.

नाणंही बोलतं. कॅडफेलच्या वेळी इंग्लंडात पाडलं जाणारं नाणं एकच, चांदीचा पेनी. शिलिंग बारा पेनींचा आणि पौंड २४० पेनींचा, पण दोन्ही फक्त हिशेबात. अर्धा हवा असेल तर पेनी कापायचा. त्यामुळे कॅडफेलच्या बाजारात कुणाच्या खिशातून ‘शिलिंग’ खणखणत पडू शकत नाही. पेशवाईत उलट गर्दी: अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, प्रत्येकावर वेगळा बट्टा, म्हणजे वटवताना होणारी कपात. मेलेल्याच्या कमरेच्या पिशवीतला रुपया सराफाला दाखवला की माणूस कुठल्या बाजारातून आला ते कळतं. तो सराफ तुमची प्रयोगशाळा.

लिहिताना हे कसं उतरतं ते पाहा. पहिला खर्डा बहुधा असा येतो:

“मृत्यू रात्री दहा ते बाराच्या दरम्यान झाला असावा,” वैद्य म्हणाले. “विषबाधेची शक्यता नाकारता येत नाही.”

हे वैद्यबुवा कालची बातमी वाचून आलेत. पुन्हा:

“दंव पडायच्या आधी पडलाय हा,” वैद्यबुवा म्हणाले. “अंगाखालचं गवत कोरडं आहे बघ.”
“आणि विष, बुवा?”
“ते मला काय विचारतोस? त्याच्या बायकोला विचार, शेवटचं पाणी मागताना जीभ जड होती का.”

माहिती तेवढीच. पण दुसऱ्यात ती अंगाखालून आणि घरातून येते, आणि कारकुनाला पुढे कुठे जायचं तेही कळतं.

वेळ

मठात वेळ प्रार्थनेच्या घंटांनी मोजतात: मध्यरात्रीची, पहाटेची, मग प्राइम, टर्स, सेक्स्ट, नोन, व्हेस्पर्स, कॉम्प्लिन. सगळे साधू एका जागी हजर असणार हे ठरलेलं, म्हणून गैरहजर कोण ते लगेच कळतं. पण दिवसाचे बारा भाग उजेडावर पाडले जायचे. श्रूजबरीत जूनमध्ये दिवस जवळपास पावणेसतरा तासांचा, म्हणजे दिवसाचा एक ‘तास’ सुमारे ८४ मिनिटांचा. डिसेंबरात तोच ‘तास’ चाळिशीच्या आत. उन्हाळ्यातली साक्ष हिवाळ्यातल्या मापानं मोजलीत की सगळ्या जबान्या खोट्या ठरतात.

आपली घटका कायम २४ मिनिटांची, पाण्यावर सोडलेलं भोकाचं तांब्याचं पात्र बुडेपर्यंतची. अहोरात्रीच्या साठ. घटिकापात्र वाड्यात, देवळात, लग्नघरात. रस्त्यावरच्या माणसाकडे ते नाही, त्यानं वेळ सावलीनं, आरतीनं, तोफेनं सांगायला हवी. भोकात मेण गेलं तर पात्र उशिरा बुडतं. हे कुणी मुद्दाम करेल का, ते तुम्ही ठरवा.

भाषा

बखरीची भाषा पानभर छान वाटते, दहाव्या पानाला दम लागतो. निवेदन आजच्या मराठीत ठेवा, फक्त त्या काळानंतर आलेले शब्द गाळा. पोलीस, मिनिट, टेबल, फाईल, रिपोर्ट हे दिसतात आणि जातात. दगा देतात ते न दिसणारे: ‘वातावरण तंग होतं’, ‘त्याच्यावर दबाव होता’, ‘प्रतिक्रिया दिली नाही’. हे वर्तमानपत्री मराठी आहे. ‘तो पाच मिनिटं दाराशी थांबला’ याला ‘पान लावून होईपर्यंत तो दाराशी थांबला’ लिहिता येतं, आणि आत कोण पान लावत होतं हेही येऊन जातं. चावी, बादली, पगार हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द पेशवाईत चालतात, घाबरू नका. अहो-जाहो मात्र काटेकोर सांभाळा. कारकून फडणिसाला ‘आपण’ऐवजी ‘तुम्ही’ म्हणाला की वाचक पुस्तक मिटत नाही, पण विश्वास एक पायरी उतरतो.

मापं

साठ ते सत्तर हजार शब्द. नाव असलेली माणसं पंधरा, त्यांत खरे संशयित पाच, खरी ऐतिहासिक तीन-चार आणि तीही बाजूला. राजा स्टीफन मालिकेत कमी दिसतो, ते बरोबर आहे. नानासाहेब किंवा नाना फडणीस समोर आले की बाकीचे बारीक होतात. प्रेत पहिल्या पंधरा टक्क्यांत. मोडी येत नसेल तर कागदासाठी थांबू नका. पेशवे दप्तरातून निवडलेले कागद सरदेसाईंच्या संपादनाखाली पंचेचाळीस खंडांत छापलेले आहेत, एक कादंबरी त्यातल्या दोन खंडांवर सहज निघते. मूळ कागद हवेच तर पुण्यात पुराभिलेखागार आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पण मोडी वाचणारा माणूस बरोबर न्या. अभ्यासाला मुदत घाला, सहा महिने. त्यानंतर नवं पुस्तक हाती घ्यायचं नाही. अडलं तिथे चौकोन करून पुढे जायचं आणि शेवटी चौकोन भरायचे.

नेहमीचा बिघाड असा: लेखकानं वाचलेलं सगळं पुस्तकात येतं. पालखीचे प्रकार, तोफांची नावं, पंगतीतले पदार्थ. तपशील ठेवायचा की काढायचा याची चाचणी सोपी, तो पुढे कुणाला अडवतो का किंवा कुणाला पकडून देतो का? नसेल तर एकच ठेवा आणि बाकीचे तुमच्या वहीत राहू द्या.

मालिका करायचा विचार आज नसला तरी एक खतावणी उघडा. बाईंनीही पहिली कादंबरी एकटीच म्हणून लिहिली होती. दुसरी दोन वर्षांनी आली आणि मग थांबणं जमलं नाही. कॅडफेल सुरुवातीलाच सत्तावन्नचा होता. त्यामुळे वीस कादंबऱ्या ११३७ ते ११४५ एवढ्यात कोंबाव्या लागल्या, वर्षाला दोन-तीन खून, आणि श्रूजबरी हे राहायला वाईट गाव झालं. पण खतावणी चोख होती. ११३८ च्या वेढ्यात पडलेला तट ११३९ च्या जत्रेत भांडणाचं कारण होतो, कारण दुरुस्तीसाठी नगराला मठाच्या जकातीत वाटा हवा असतो. प्रत्येक माणसापुढे पाच गोष्टी लिहा: जन्मशक, नातं, अंगावरची खूण, कुणाचं देणं आहे, आणि शेवटचा कुठे दिसला. शोधकाचं वय चाळिशीच्या आत धरा.